पंचवीस किलोंची रेघ

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या बाजारात तूरडाळ दोन तऱ्हांनी मिळते. एक पोत्यातली. दुकानदार पोत्यात माप घालतो, डाळ काट्यावर टाकतो, चिमूटभर काढतो, चिमूटभर टाकतो आणि पिशवीची गाठ मारून हातात देतो. दुसरी पाकिटातली. तिच्यावर नाव, वजन, महिना-साल आणि किंमत छापलेली असते. डाळ तीच. बहुतेक वेळा उदगीरच्या नाहीतर लातूरच्या मिलमधून निघालेली, आणि मूळची तूरही याच मुलखातल्या काळ्या रानातली. पोत्यातल्या डाळीवर कर नाही. पाकिटातलीवर शेकडा ५ रुपये जीएसटी आहे.

हा फरक कशावरून ठरतो हे कायद्यात वाचलं की आधी हसू येतं. वजन-मापांसाठी २००९ साली झालेल्या केंद्रीय कायद्यात ‘आधी भरलेला माल’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. गिऱ्हाईक समोर हजर नसताना, ठरावीक वजनानं, कोणत्याही वेष्टनात भरून ठेवलेला माल म्हणजे आधी भरलेला माल. वेष्टनाला मोहर असो वा नसो. जीएसटीनं हीच व्याख्या उचलली आणि तिला एक मर्यादा जोडली : पाकीट २५ किलोंपर्यंतचं असेल तर कर, त्याच्या वर असेल तर नाही. म्हणजे आपण काट्यासमोर उभं राहून डाळ मोजून घेतली तर ती करमुक्त, आणि आपण येण्याआधीच कुणी ती भरून, वर लेबल लावून ठेवली असेल तर करपात्र. दुकानात आपण हजर असण्याला सरकारनं शेकडा ५ रुपयांची किंमत लावली आहे, असं गमतीनं म्हणता येईल.

मात्र ही रेघ नुसती गमतीची नाही. रोजच्या जेवणाच्या वस्तूंवर विक्रीकर असावा का, हा वाद आपल्याकडे पाऊणशे वर्षांहून जुना आहे, आणि दर पिढीत त्याचं उत्तर वेगळ्या जागी रेघ मारून दिलं गेलं आहे. आजची रेघ कुठून आली हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

मराठवाड्याला कराचा नाका जुना ओळखीचा. निजामाच्या राज्यात सरहद्दीवर ‘करोडगिरी’ घेतली जाई. राज्यात येणाऱ्या आणि राज्याबाहेर जाणाऱ्या मालावरची ही जकात सर्वसाधारणपणे किमतीच्या शेकडा ५ असे. आकडा आजच्याशी जुळतो तो योगायोगानं, पण जुळतो खरा. उदगीर आणि अहमदपूर हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात होते, आणि सोलापूर किंवा नगरकडून, म्हणजे इंग्रजी मुलखातून येणारा माल करोडगिरीच्या नाक्यावर थांबल्याशिवाय आत येत नसे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात हे नाके जाळले गेले. राज्याच्या सत्तेची गावकऱ्याला रोज दिसणारी खूण तीच होती, तेव्हा राग तिच्यावर निघाला यात नवल नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली आणि १९५० मध्ये हैदराबाद राज्यानं सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला. नाका गेला आणि कर दुकानाच्या वहीत शिरला.

शेजारच्या मुंबई इलाख्यात विक्रीकर १९४६ मध्येच आला होता. त्याच्याही आधी, १९३९ मध्ये, राजाजींच्या मद्रास सरकारनं तो लावला. दारूबंदीनं बुडालेलं उत्पन्न कुठून तरी भरून काढायचं होतं. विक्रीकराच्या जन्माची ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो कुणा विचारवंताच्या करसिद्धांतातून आला नाही, तिजोरीतल्या खड्ड्यातून आला. त्यामुळं ‘जीवनावश्यक वस्तूंवर कर असावा का’ हा प्रश्न नेहमी ‘मग खड्डा कशानं भरायचा’ या प्रश्नाला बांधलेला असतो, आणि वाद घालणारे बहुधा पहिला अर्धाच बोलतात.

संविधान लिहिणाऱ्यांनी मात्र दोन्ही अर्ध्यांचा विचार केला होता. विक्रीकर राज्यांच्या हाती दिला, पण अनुच्छेद २८६ मध्ये एक अट घातली : लोकांच्या जगण्याला आवश्यक म्हणून संसद ज्या वस्तू जाहीर करील त्यांच्यावर राज्याला कर लावायचा असेल, तर तो कायदा राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय लागू होणार नाही. १९५२ मध्ये संसदेनं अशा वस्तूंची यादी करणारा कायदाही केला. चारच वर्षांनी, १९५६ च्या सहाव्या घटनादुरुस्तीत ही अट गेली. तिच्या जागी ‘जाहीर वस्तू’ ही कल्पना आली. कापूस, तेलबिया, कोळसा, लोखंड आणि पुढं धान्य, कडधान्यं असा माल देशभराच्या व्यापारात महत्त्वाचा, म्हणून त्याच्यावरच्या कराला वरून झाकण. हे झाकण २ टक्क्यांवरून ३ आणि मग ४ टक्क्यांवर गेलं. बदल बारीक वाटतो, पण त्यात सगळी दिशा आहे. आधी कसोटी होती ‘माणसाला जगायला लागतं का’. नंतरची कसोटी ‘व्यापारात महत्त्वाचं आहे का’. ज्वारी आणि लोखंड या कसोटीवर एकाच यादीत बसले.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढं १९५९ च्या मुंबई विक्रीकर कायद्यानं सगळ्या राज्याला एक कायदा लागू झाला. व्हॅट आला १ एप्रिल २००५ ला. व्हॅटच्या काळात महाराष्ट्रानं जेवणाच्या वस्तूंची जी सोय केली ती खास मराठी कारभाराला शोभणारी होती. करमाफी द्यायची, पण ३१ मार्चपर्यंतच. मग दर मार्चमध्ये अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडताना तोच परिच्छेद पुन्हा वाचत : तांदूळ, गहू, डाळी व त्यांचं पीठ, हळद, मिरची, चिंच, गूळ, नारळ, धणे, मेथी, सुवा, पापड, ओले खजूर, सोलापुरी चादरी आणि टॉवेल यांच्यावरची करमाफी आणखी एक वर्ष चालू राहील. सत्तेवर कोण आहे यानं फरक पडत नसे. यादी वाचताना एखाद्या घरचं दिवाळीचं सामान लिहून घेतोय असं वाटे. चादर जीवनावश्यक आहे का, यावर वाद होऊ शकतो. पण त्या यादीत एक शहाणपण होतं. तिनं वस्तू पाहिली होती, वस्तूची पिशवी पाहिली नव्हती. हळद ती हळद, सुटी असो वा पुडीतली.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि रेघेची जागा बदलली. आता प्रश्न आला ब्रँडचा. नोंदणी केलेल्या ब्रँडच्या पाकिटातल्या डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के, बाकी सगळं माफ. यामागचा विचार समजण्यासारखा होता : नामांकित छाप घेणाऱ्याची ऐपत असते, त्यानं थोडं द्यावं. पण व्यापारी रेघ पाहतो ती ओलांडायला नव्हे, तिच्या या बाजूला राहायला. ब्रँडची नोंदणी रद्द करण्याची लाट आली. सरकारनं मग १५ मे २०१७ ही तारीख धरली आणि त्या दिवशी नोंदलेला ब्रँड नंतर रद्द केला तरी करातून सुटका नाही असं ठरवलं. नोंदणी नसलेल्या पण ओळखीच्या नावावर हक्क सांगणाऱ्यांनाही कर लावला. त्यावर उपाय निघाला : ‘या नावावर आमचा कायदेशीर हक्क नाही’ असं पाकिटावरच छापायचं. आपल्याच मालावर स्वतःच्या नावाचा त्याग जाहीर करण्याची वेळ उद्योजकांवर आणणारा कायदा जगात दुसरा असेल तर मला त्याची फार उत्सुकता आहे.

या पळवाटा बुजवायच्या म्हणून २८ आणि २९ जून २०२२ ला चंदीगडमध्ये जीएसटी परिषदेची ४७वी बैठक झाली आणि ब्रँडची रेघ पुसून पाकिटाची रेघ मारली गेली. बैठक संपली त्याच रात्री महाराष्ट्रात उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. साऱ्या राज्याचे डोळे गुवाहाटीतल्या बंडखोर आमदारांकडे लागलेले असताना डाळीच्या पाकिटाकडे कुणाचं लक्ष जाणार? दर १८ जुलैपासून लागू झाले. त्याच्या दोन दिवस आधी धान्य व्यापारी आणि डाळ मिलवाल्यांनी देशभर एक दिवसाचा बंद पाळला. ओरड वाढल्यावर अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी डाळी, गहू, मका, तांदूळ, कणीक, रवा, बेसन, मुरमुरे, दही, लस्सी अशा वस्तूंची यादीच प्रसिद्ध करून सांगितलं की सुटं विकलं तर कर नाही. जीएसटीपूर्वी राज्यं धान्यावर कर घेतच होती, हेही त्यांनी दाखवून दिलं. एकट्या पंजाबनं खरेदी करातून २,००० कोटींहून अधिक मिळवले होते. मुद्दा खरा होता. पण महाराष्ट्रापुरता तो लागू नव्हता. इथं ती दर मार्चची यादी होती.

मराठवाड्याला मुरमुऱ्यांचं विशेष वाटणं साहजिक आहे, कारण भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला हा इथला सकाळचा नाश्ता. पोत्यातून मापानं घेतलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला करमुक्त राहिला. पुड्यातल्या मुरमुऱ्यांचा पाच टक्क्यांनी महागला.

आता त्या २५ किलोंकडे येऊ. मर्यादा ठेवण्यामागं हेतू होता घाऊक व्यापार मोकळा ठेवण्याचा. मोंढ्यातून निघणारा पन्नास किलोंचा कट्टा करात अडकू नये. पण बाजारानं काय केलं? तांदळाची २६ आणि ३० किलोंची पोती निघाली. हिशेब सोपा आहे. समजा तांदूळ ५० रुपये किलो. पंचवीस किलोंची पिशवी १,२५० रुपयांची, वर ५ टक्के कर ६२ रुपये ५० पैसे, एकूण १,३१२ रुपये ५० पैसे. सव्वीस किलोंचं पोतं १,३०० रुपयांचं, कर शून्य. एक किलो तांदूळ जास्त आणि साडेबारा रुपये कमी.

हे साडेबारा रुपये कुणाला मिळतात? ज्याच्याकडे एका वेळी तेराशे रुपये आहेत त्याला. महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्या नोकरदाराला. रोजंदारीवर जाणारी बाई संध्याकाळी हजेरीचे पैसे हातात पडल्यावर अर्धा किलो, एक किलो घेते. सुटं मिळालं तर तिला कर नाही, हे मान्य. पण सुटं मिळणं कमी कमी होत चाललं आहे. जळकोट तालुक्यातल्या तांड्यावरच्या दुकानात जाऊन पाहा. पाठीमागच्या दोरीला पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात : चहा पत्ती, मसाला, बिस्किट, साबण, शांपू. पोतं ठेवायला जागा लागते, उंदीर-घुशींचा उपद्रव असतो, एकदा फोडलेलं पोतं संपेपर्यंत भांडवल अडकतं. पाकिटाला यातलं काही नाही. छोटा दुकानदार पाकिटाकडे वळतो ते सोयीसाठी, आणि त्याचं गिऱ्हाईक वळतं कारण दुसरं काही समोर नसतं. म्हणजे ब्रँडची रेघ श्रीमंतीवर मारली होती, निदान हेतू तरी तसा होता. पाकिटाची रेघ खरेदीच्या लहानपणावर पडली. थोडं थोडं घेणाऱ्यावर कर, एकदम घेणाऱ्याला माफी. माझा या व्यवस्थेवरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

शिवाय तो दुकानदार स्वतः बहुधा जीएसटीत नोंदलेला नसतो. मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळं तिथं कर नाही असा समज असतो. पण पाकीट तिथं पोचतं तेव्हा कर आधीच छापील किमतीत बसलेला असतो. बिल नाही, कराचा आकडा नाही, तक्रारीला जागा नाही. करोडगिरीचा नाका निदान दिसत तरी होता.

‘सुट्यावर शून्य’ म्हणतात ते शून्यही तपासून घ्यायला हवं. त्यासाठी डाळ मिलमध्ये शिरावं लागतं. मोंढ्यातून तूर येते ती आधी चाळली जाते. खडे, काडीकचरा, बारीक दाणा वेगळा होतो. मग रोलरवर तिची साल ओरखडली जाते, ओरखडलेल्या दाण्याला तेल लावून ढीग घालून ठेवतात, उन्हात किंवा यंत्रात वाळवतात, पाण्याचा हात देऊन पुन्हा रोलरवर घेतात, तेव्हा कुठं साल सुटून दाणा दुभंगतो. उत्तम प्रतीची ती ‘फटका’. उरलेली चुणी आणि भुसा जनावरांना. शंभर किलो तुरीतून डाळ पडते साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो.

या सगळ्या प्रवासात कर ठिकठिकाणी भरलेला असतो. धान्य-कडधान्य निवडण्याच्या आणि दळण-भरडण्याच्या यंत्रांवरचा जीएसटी त्याच १८ जुलै २०२२ ला ५ वरून १८ टक्क्यांवर गेला. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्यावर १८ टक्के. अख्खी तूर ‘शेतमाल’ असल्यामुळं ती साठवलेल्या गोदामाच्या भाड्यावर कर नाही. पण तीच तूर भरडून डाळ झाली की २०१७ च्या सरकारी खुलाशाप्रमाणं ती शेतमाल उरत नाही, आणि २०१९ पर्यंत तिच्या गोदामभाड्यावर कर चढत असे. ट्रकमधलं डिझेल तर जीएसटीच्या बाहेरच, त्याच्यावर केंद्राचा आणि राज्याचा वेगळा कर. बाजार समितीचा सेस वेगळा. मिलवाल्यानं डाळ एक किलोच्या पाकिटात भरून ५ टक्के करासह विकली, तर यंत्रावर, पोत्यावर भरलेल्या जीएसटीची त्याला वजावट मिळते. तीच डाळ पन्नास किलोंच्या कट्ट्यात करमाफ विकली, तर वजावट नाही. तो खर्च डाळीच्या भावात मुरतो.

शेतकऱ्याचंही असंच. त्याच्या तुरीवर कर नाही म्हणून त्यानं खतावर भरलेले ५ टक्के, कीडनाशकावर भरलेले १८ टक्के त्याला कुणी परत करत नाही. अर्थशास्त्रात ‘करमाफी’ आणि ‘शून्य दर’ या दोन वेगळ्या गोष्टी मानतात त्या यामुळंच. शून्य दरात मागचा सगळा कर परत मिळतो. आपल्याकडे हा मान निर्यातीला आहे. ब्रिटनमध्ये तो घरच्या बहुतेक खाद्यपदार्थांना आहे. आपण जळकोटकराच्या डाळीला दिली आहे ती माफी. तिच्या पोटात थोडा कर आहेच. सॅनिटरी नॅपकिनच्या बाबतीत देशानं हा धडा एकदा घेतला. त्यांच्यावरचा १२ टक्के कर आंदोलनांनंतर २७ जुलै २०१८ पासून पूर्ण माफ झाला, पण कच्च्या मालावरच्या कराची वजावटही त्याबरोबर गेली, त्यामुळं किंमत पूर्ण बारा टक्क्यांनी उतरावी अशी कारखानदाराची स्थितीच राहिली नाही.

इथं दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद ऐकून घ्यायला हवा, कारण तो वरवर वाटतो तेवढा निर्दय नाही. न्यूझीलंडनं १९८६ मध्ये जीएसटी आणला तेव्हा अन्नासकट जवळजवळ सगळ्यावर एकच दर लावला; आज तो १५ टक्के आहे, दुधावरही, सफरचंदावरही. ब्रिटनच्या करव्यवस्थेची फेरतपासणी करणाऱ्या मर्लीस समितीनंही २०११ मध्ये अन्नाचा शून्य दर काढून गरिबांना त्याची भरपाई थेट द्यावी असं सुचवलं. का? एक काल्पनिक हिशेब करू. एक कुटुंब महिन्याला १०,००० रुपये खर्च करतं, त्यातले ४,७०० खाण्यावर. दुसरं ६०,००० खर्चतं, त्यातले १५,००० खाण्यावर. सगळ्या अन्नावर ५ टक्के लावले तर पहिल्याला २३५ रुपये पडतात, दुसऱ्याला ७५०. खर्चाच्या प्रमाणात पाहिलं तर गरिबावर बोजा जवळजवळ दुप्पट, म्हणून कर अन्यायाचा. पण माफी दिली की सरकार गरिबाला २३५ रुपयांची सवलत देतं आणि श्रीमंताला ७५० ची. हे ९८५ रुपये गोळा करून त्यातले ४०० गरीब घराला रोख दिले तर ते घर फायद्यात राहतं आणि तिजोरीत ५८५ उरतात.

कागदावर बिनतोड आहे. देशाच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत ग्रामीण कुटुंबाचा ४७ टक्के खर्च खाण्यावर होतो असं दिसलं, शहरात तो ४० टक्क्यांच्या थोडा आत. म्हणजे वरचा माझा ४,७०० चा आकडा हवेतला नाही. पण या युक्तिवादाचा सगळा भार ‘रोख दिले तर’ या तीन शब्दांवर आहे, आणि ते शब्द कसे वागतात हे पाहायला जळकोटच्या माणसाला न्यूझीलंडला जायची गरज नाही.

जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांसाठी एक योजना काढली. मराठवाड्याचे आठही जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. त्यात लातूर आणि नांदेड आलेच. या जिल्ह्यांतल्या केशरी रेशनकार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना अन्नसुरक्षेच्या यादीत नसतानाही माणशी महिना ५ किलो धान्य मिळू लागलं, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोनं. पुढं या योजनेसाठी केंद्राकडून धान्य मिळेनासं झालं आणि २०२३ मध्ये राज्यानं धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात जमा करायचं ठरवलं. अर्थतज्ज्ञ म्हणतात तसंच : वस्तू नको, रोख द्या.

दीडशे रुपये भागिले पाच किलो म्हणजे किलोला तीस रुपये. तेवढ्यात बाजारात बरा गहू घ्यायचा तर ओढाताण होतेच. धान्य मिळत होतं तेव्हा बाजारभाव वाढला तरी कार्डावरचे पाच किलो पाचच राहत. रोख रक्कम मात्र शासन निर्णयात छापलेली. ती वाढायला दुसरा शासन निर्णय लागतो. तो २०२४ मध्ये निघाला आणि १५० चे १७० झाले. शिवाय खातं आधारला जोडलेलं हवं, कार्डावरची नावं जुळलेली हवीत. यातलं काही अशक्य नाही. पण करमाफीला यातलं काहीच लागत नाही. डाळ घेणाऱ्याला कुणी कागद मागत नाही. अन्नावर सरसकट कर लावून भरपाई देण्याची कल्पना मला तत्त्व म्हणून पटते आणि व्यवहारात पटत नाही, ती या केशरी कार्डामुळं. कर दुसऱ्या दिवशी लागू होतो. भरपाई मागून चालत येते.

कर एवढा महत्त्वाचा आहे का, असाही सवाल करता येईल. २०१५ च्या अखेरीस तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली होती. त्यापुढं पाच टक्के म्हणजे काहीच नाही. उलट भाव पाडायचे ठरलं की म्यानमार आणि मोझांबिकहून बिनशुल्क तूर आणता येते, आणि लातूरच्या सौद्यात भाव हमीभावाच्या खाली सरकतो. ग्राहकाला सवलत मिळते ती शेतकऱ्याच्या खिशातून. डाळीच्या भावावर आयात धोरणाचा हात कराच्या हातापेक्षा कितीतरी जड आहे हे खरं. तरी भाव चढतो-उतरतो, कर मात्र प्रत्येक भावावर चिकटून बसतो, आणि डाळ दोनशे झाली की पाच टक्क्यांचे दहा रुपये होतात. महागाईत कर आपोआप वाढतो.

‘जीवनावश्यक’ म्हणजे फक्त धान्य असं धरलं तरी चर्चा अर्धवट राहते. गोडेतेलावर पहिल्यापासून ५ टक्के कर आहे, सुटं असो वा डब्यातलं. लातूर-नांदेडचा शेतकरी सोयाबीन पिकवतो, विकतो आणि त्याचंच तेल कर भरून परत विकत घेतो. साखर आणि चहा ५ टक्क्यांत. तेल-मिरची-साखर-चहा यांच्यावाचून घर चालत नाही, पण यांच्यावरच्या कराविरुद्ध बंद पाळला गेल्याचं ऐकिवात नाही. साबण, टूथपेस्ट आणि बिस्किट २०२५ पर्यंत १८ टक्क्यांत होते. शेतावर जाताना चहात बुडवून खायचं पाच रुपयांचं बिस्किट हे कित्येक घरांत न्याहारीच आहे, हे कर ठरवणाऱ्यांना कळायला आठ वर्षं लागली.

३ सप्टेंबर २०२५ च्या परिषदेत ते कळलं. २२ सप्टेंबरपासून दर बदलले. बिस्किट, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर, तूप-लोणी १२ वरून ५ वर, वह्या-पेन्सिलींवर शून्य. पुड्याच्या पाच रुपयांतून पैसे वजा करून सुटे देणं अवघड असल्यामुळं त्या सवलतीचा रस्ता बहुधा आतल्या बिस्किटांच्या वजनातून जातो, आणि वजन कोण मोजतं? तरी एकूण पाहता २०१७ नंतरची ही सगळ्यांत शहाणी दुरुस्ती, असं माझं मत आहे. साबण ही चैन नाही एवढं तरी कागदावर आलं.

पण पाकिटाची रेघ तशीच राहिली. ती अटळ आहे असंही नाही. मिठाला जीएसटीत पहिल्यापासून शून्य आहे, मग ते खडं असो की पाकिटातलं. १९३० च्या शिरोड्याच्या सत्याग्रहाची आठवण असलेल्या देशात मिठाच्या पिशवीवर कर लावायला कुणी धजलं नसावं. पापडालाही शून्य, पुडक्यात असला तरी. म्हणजे वस्तूकडे पाहून निर्णय घेता येतो, पिशवीकडे न पाहता. डाळ, तांदूळ, ज्वारी आणि पीठ यांना मिठाच्या रांगेत बसवलं आणि मिलवाल्यांना मागच्या कराची वजावटही दिली, तर तिजोरीला तोटा होईल, आणि तो कुठून तरी भरावा लागेल. १८ आणि ४० टक्क्यांच्या दरांत त्याला जागा आहे असं मला वाटतं. राज्यांचे अर्थमंत्री कदाचित मान हलवतील.

तोवर कराचं पुस्तक असं वाचायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारखान्यात लाटून, भाजून, पाकिटात घालून विकलेल्या पोळीवर आणि पराठ्यावर जीएसटी शून्य आहे. ती पोळी घरी लाटायची म्हणून आणलेल्या कणकेच्या पाच किलोंच्या पाकिटावर ५ टक्के आहे.